समुद्राला जंत होतात का?

तासगावकडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. वर्गात समुद्रातल्या रंगीत चपटकृमीचं चित्र दाखवलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, समुद्रालाबी जंत हुत्यात व्हय?" बाई विचारतात, याला जंत म्हटलं तर चालेल का? आणि 'तो कृमी' की 'ती कृमी'?

बाई, जंत नको. शब्द संस्कृत 'जंतु'वरून आला, पण मराठीत तो पोटात शिरला आणि तिथंच राहिला. पोरांना जंत होतात, आटपाडी-जतकडं मेंढरांना जंताचं औषध पाजतात. पट्टकृमी आणि गोलकृमी हे प्राणिशास्त्रात दोन वेगळ्या संघांतले, पण आपल्या बोलण्यात दोन्ही जंतच, कारण दोघंही दुसऱ्याच्या जिवावर जगतात. जंत ही जात नव्हे, धंदा आहे.

चित्रातला प्राणी हा धंदा करत नाही. तो बहुधा पॉलिक्लॅड गटातला असणार. एखाददुसरा अपवाद सोडला तर हा गट सगळा समुद्रातच राहतो, खडकांच्या कपारीत नाहीतर प्रवाळात. अंग कागदाइतकं पातळ, कडा चुण्या पडलेल्या. या पातळपणाला कारण आहे. त्याला फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, रक्ताभिसरण नाही. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो, तेव्हा जाड होऊन त्याला परवडणारच नाही. आतडं मध्यापासून कडेपर्यंत फांद्या फुटत गेलेलं असतं आणि अन्न सगळीकडं तेच पोचवतं. गटाचं ग्रीक नाव या पुष्कळ फांद्यांवरूनच पडलं. तोंड पोटाकडच्या बाजूला असतं, खाणं-टाकणं दोन्ही त्याच वाटेनं. चालणं म्हणजे पोटाखालच्या केसलांवर, म्हणजे केसांसारख्या बारीक हलत्या तंतूंवर, चिकट स्रावावरून घसरत जाणं.

आणि हा चक्क शिकारी आहे. स्टायलोकस नावाचे चपटकृमी कालवांच्या शिंपल्यांत शिरून आतला जीव खातात. इंग्रजीत त्यांना 'कालवांची जळू' म्हणतात. म्हणजे शब्दांची ही गफलत आपलीच नाही, कारण जळू गांडुळाच्या गोतातली. काही रंगीत जाती समुद्री गोगलगाईंसारख्या इतक्या हुबेहूब दिसतात की फोटोवर नावं हटकून चुकतात.

या चपटकृमींतला प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही. स्यूडोसेरॉस बायफर्कस या जातीत दोघं समोरासमोर उभे ठाकून एकमेकांना लिंगानं टोचायला बघतात. ज्याचा वार बसतो तो शुक्राणू देऊन मोकळा होतो, जखम आणि अंडी घालण्याचा भार दुसऱ्याच्या वाट्याला. हे 1998 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. वर्गात सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा!

याचा नमुना जपणं मात्र जिकिरीचं. हाताळला की फाटतो, साध्या रसायनात टाकला की आक्रसून वेटोळं होतो. म्हणून अभ्यासक तो ओल्या कागदावर घेतात आणि गोठवलेल्या फॉर्मेलिनवर अलगद सोडतात, म्हणजे पसरलेला असतानाच घट्ट होतो.

आता तुमच्या विद्यार्थ्याची बाजू. चपटकृमीच्याच संघातला एक भाऊबंद मेंढरांच्या काळजात, म्हणजे यकृतात सापडतो, पानासारखा चपटा. पाणथळ जागच्या गोगलगाईत वाढून तो गवतावाटे मेंढराच्या पोटात जातो. हा मात्र अस्सल जंत. शिवाय ज्या ग्रीक शब्दावरून या संघाचं 'प्लॅटिहेल्मिंथिस' हे नाव झालं, त्या 'हेल्मिन्स'चा अर्थही आतड्यातला जंत असाच होता. म्हणजे पोरगं अगदीच वावगं बोललं नाही. पण आज मराठीत जंत म्हटलं की परजीवीच डोळ्यांपुढं येतो, म्हणून 'समुद्री चपटकृमी' म्हणावं. 'किडा' नको, त्यानं सहा पायांचं काहीतरी वाटतं. 'अळी'ही नको. अळी म्हणजे पुढं रूप पालटणारं पिल्लू, आणि या प्राण्याच्या काही जातींना खरोखरच अळी असते, आठ पाळ्यांची, पाण्यात तरंगणारी.

लिंगाचं म्हणाल तर कोशात कृमी पुल्लिंगी आहे: तो कृमी, ते कृमी, चपटकृमीला, चपटकृमींचा. एकटा लिहिताना शेवटचा 'मी' दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: कृमिनाशक. जंताच्या गोळ्यांच्या फलकांवर सर्रास 'कृमीनाशक' दिसतं, ते उतरवून घेऊ नका.