मुंबईत गेटवेहून मांडव्यापर्यंत शिडाच्या बोटीने एका दिवसात जाऊन यायचं आहे. बरोबर आई (वय 68) आणि मुलं (5 व 9). कोणता दिवस निवडावा आणि काय तयारी करावी?

आधी तिथी बघा, मग रविवार. बोटवाला तुम्हाला कोणत्याही दिवसाचं बुकिंग देईल, पण शिडाच्या बोटीत भरती-ओहोटी चुकली की सहल लांबते आणि मुलं रडकुंडीला येतात.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून बुकिंगआधी भरतीच्या तक्त्यावर वेळ पडताळून घ्या.

आता वाऱ्याचं बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा असतो. दहा-साडेदहानंतर तो पडतो आणि मग तास-दोन तास शीड नुसतं फडफडतं. बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून खारा, म्हणजे समुद्रावरचा वारा उठतो, तो दुपारभर 10 ते 15 नॉटने (तासाला तितके सागरी मैल) टिकतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, साधारण साडेसात सागरी मैलांवर आहे. म्हणजे येताना वारा जवळजवळ नाकासमोर. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 45 अंशांच्या आत शिडाची बोट चढत नाही, म्हणून नागमोडी टप्पे घेत यावं लागतं आणि साडेसातचे नऊ-दहा मैल होतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर दुपारी बारापासून सहापर्यंत ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांतली. वारा समोरून, पाणीही उलटं. बोट पाण्यातून जोरात कापत जाते, किनारा मात्र जागचा हलत नाही. शेवटी इंजिन लावावं लागतं. आणि गेटवेला पोचेपर्यंत पाणी इतकं खाली गेलेलं असतं की शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, जेमतेम दीड. 68 वर्षांच्या बाईंसाठी दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण समुद्रात येत नाही, त्या पायरीवर येतो.

म्हणून अष्टमी ते दशमी यातला दिवस धरा, तेव्हा पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसातला येते. सकाळी आठला निघा: ओहोटी बोटीला बाहेर नेते, मतलई वारा बाजूने मिळतो, दोन-अडीच तासांत मांडवा. वारा पडलेल्या वेळात जेवण उरका. एक-दीडला पाणी फिरतं, खारा वाराही आलेला असतो. भरती आत ढकलते आणि साडेचार-पाचला तुम्ही चढत्या पाण्यात गेटवेला लागता.

मार्च ते मे दुपारचा वारा जास्त जोराचा आणि ऊन कडक, लहान मुलांसह मी सुचवणार नाही. पावसाळ्यात प्रश्नच नाही.

बोट ठरवताना विचारा: किती जणांची परवानगी आहे, इंजिन चालू आहे का, व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) आहे का, शौचालय आहे का (24 फुटी बोटीत बहुधा नसतं, आईंना हे आधी सांगा), वारा नसेल तर पैशांचं काय. पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे फोटो मागवून बघा. जॅकेट घालून खांद्यांना धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे. पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर. आणीबाणीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

बोट 15-20 अंश कलंडते तेव्हा आई घाबरतील. बोटीच्या तळाशी असलेल्या कीलमध्ये शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असतं, बोट जितकी कलते तितकं ते तिला सरळ करायला ओढतं, हे निघण्याआधीच सांगून ठेवा. फार कललं तर शीड कमी करायला सांगा, त्यात लाज नाही. खरा धोका बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा: वारा मागून असताना ती क्षणात या बाजूची त्या बाजूला येते. नाखवा ओरडला की आधी डोकं खाली, प्रश्न नंतर. मुलांची बोटं विंचपासून (शिडाचे दोर ओढायच्या फिरत्या चक्रापासून) लांब ठेवा.

बोट लागू नये म्हणून सकाळी इडली किंवा पोळी खा. रिकामं पोट आणि मिसळ, दोन्ही वाईट. मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये झोपायला पाठवू नका, तिथे हमखास उलटी होते. मागे बसवून क्षितिजाकडे बघायला लावा, आलेपाक द्या. उलटी वारा जिकडे जातो त्या बाजूला, हे सगळ्यांना बजावा. गोळी घ्यायचीच तर निघण्याआधी एक-दोन तास. मुलांसाठी आणि आईंना रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

पाणी माणशी दोन लिटर. टोपीला दोरी. लांब बाह्यांचे सुती कपडे. फरसाण नको, तेलाने डेक घसरडा होतो. पोळीच्या गुंडाळ्या बऱ्या.

पाण्यात पोहायला मुलांनी हट्ट केला तरी नाही म्हणा. बंदरातलं पाणी गढूळ आणि प्रवाह जोरात, जॅकेट घातलेला मोठा माणूसही दोन मिनिटांत बोटीपासून लांब जातो.