अनुदानाचा पहिला अर्ज करताना

आधी मंडळाची कागदपत्रे काढून बघ. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाचे प्रमाणपत्र हवे. खरी अडचण पुढेच येते. कार्यकारिणी बदललेली असते, पण ते धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज दिलेलाच नसतो. तो ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहिला की अर्जावर सही अध्यक्षांची, नोंदीत नाव जुन्याच माणसाचे आणि बँकेत तिसऱ्याचे! चांगली कामे इथेच अडतात, याचे वाईट वाटते.

कंपनीच्या सामाजिक निधीसाठी (सीएसआर) १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) या प्राप्तिकराच्या नोंदण्या आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) क्रमांक लागतो. हे नसेल तर स्थानिक देवस्थान, सहकारी बँक, रोटरीसारखे क्लब यांच्याकडे छोटी रक्कम माग.

मागणी नेमकी लिही. ‘युवकांचा विकास’ वाचून कोणी पैसे देत नाही. ‘सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या २० मुलांसाठी संध्याकाळी ६ ते ९ अभ्यासिका’ असे लिहिले की चित्र दिसते. टेबल-खुर्च्यांची तीन दरपत्रके जोड. वीजबिल, भाडे, देखरेख करणाऱ्याचे मानधन वर्षभराचे धर. नवखे नेमके हेच विसरतात आणि चौथ्या महिन्यात कुलूप लागते. जागामालकाचे लेखी संमतिपत्रही घे.

पैसे संस्थेच्याच खात्यात घे, कुणाच्या वैयक्तिक खात्यात कधीच नाही. पावत्या, हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून ठेव. शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सीएकडून घ्यावे लागते. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत ते मागे पडू देऊ नकोस.