शिल्लक नंतर, आधी जमाखर्च

पुणे, कोजागिरी

अनेक आशीर्वाद.

लाटांखाली वाळू कुठे वाहते याच्या तुझ्या संगणक-मॉडेलचे प्लॉट पाहिले. वाळू खोल समुद्राकडे चालल्याचं दिसतंय, तुझ्या मते ती किनाऱ्याकडे यायला हवी, आणि म्हणून तू एकेक गुणांक हलवून बघते आहेस. जरा थांब. लॅपटॉप मिट आणि वही काढ.

५ मीटर खोल पाणी, १ मीटर उंचीची लाट, ८ सेकंदांचा आवर्तकाळ. गणित हातानं कर. तळाशी पाण्याचा कमाल वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर येतो. ०.२ मिलिमीटरची वाळू घेतलीस तर शील्ड्स अंक, म्हणजे कणाच्या वजनाच्या मानानं पाण्याचा तळावरचा ओढा, ०.५ च्या जरा वर जातो. कण हलायला ०.०५ च्या आसपास पुरतो, म्हणजे तू दहापटीच्या वर आहेस. तेव्हा वाळू हलते का, हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक लाटेत ती दोनदा पळते, एकदा पुढे, किनाऱ्याकडे, आणि एकदा मागे, समुद्राकडे.

तुला हवी असते ती या दोन रकमांची वजाबाकी. जमा हजार, खर्च नऊशे नव्वद, शिल्लक दहा रुपये. खर्च लिहिताना एका टक्क्याची चूक झाली की शिल्लक एक तर संपली, नाहीतर दुप्पट झाली. म्हणून शिल्लक जुळली एवढ्यावर कोणाच्याही मॉडेलवर विश्वास ठेवू नकोस, माझ्याही नाही. जमा आणि खर्च वेगवेगळे छापून बघ. तुझ्या फाइलमध्ये फक्त सरासरी आहे. अशानं ताळा कसा करणार?

आता घोडं कुठं पेंड खातं ते सांगतो. उथळ पाण्यात लाटेचा माथा टोकदार आणि दरी पसरट असते. माथ्याखाली पाणी जोरात पण थोडा वेळ पुढे जातं, दरीखाली सावकाश पण जास्त वेळ मागे येतं. वाळूच्या वहनाचं प्रमाण वेगाच्या घनाच्या आसपास वाढतं, म्हणून पुढचा जोर जिंकायला हवा, हा तुझा तर्क. जाड वाळूला तो लागू पडतो. पण तळालगतचा सीमास्तर, म्हणजे तळाच्या घर्षणानं पाण्याचा वेग बदलतो तो थर, या लाटेखाली जेमतेम २ सेंमीचा आहे. ०.२ मिमीचा कण तेवढं अंतर सेकंदाभरात खाली येतो. ०.१ मिमीचा कण सेकंदाला १ सेंमीसुद्धा पडत नाही, त्याला अडीच सेकंद लागतात, आणि पाणी तर दर ४ सेकंदांनी उलटतं. माथ्यानं उचललेली बारीक वाळू अधांतरी असतानाच पाणी फिरतं आणि तिला मागे घेऊन जातं. मेयर-पीटर आणि म्युलर यांचं गाळवहनाचं १९४८ चं सूत्र तू वापरलं आहेस ते नद्यांसाठी झालेलं. त्या क्षणाचा तळावरचा ताण किती एवढंच ते विचारतं. मागच्या अर्ध्या लाटेत काय उचललं होतं याची त्याला आठवण नसते.

आणि मॉडेलमध्ये पाण्याचे कप्पे पाडणाऱ्या तुझ्या ग्रिडची सगळ्यात खालची पेटी ५ सेंमीची! हा सगळा खेळ त्या एका पेटीच्या पोटातच संपतो. तिथे मिलिमीटरात उतरावं लागेल. रन रात्रभर चालेल, चालू दे.

माझी एक फजिती सांगतो. माझं पहिलं मॉडेल मी यू आकाराच्या बोगद्यातल्या प्रयोगांवर बसवलं. तिथे पिस्टन बंद नळीतलं पाणी पुढे-मागे ढकलतो. बारीक वाळूची शिल्लक मागे जात होती. मी गाळ मिसळण्याचा गुणांक थोडा फिरवला आणि आकडे असे जुळले की आठवडाभर मी हवेत होतो. मग तेच मॉडेल खऱ्या लाटांच्या मोठ्या फ्लूममधल्या, म्हणजे लाटा उठवायच्या लांब हौदातल्या, मोजमापांना लावलं. हॅनोवरला अशी सुमारे ३०० मीटर लांबीची फ्लूम आहे. तळाशी वेग जवळपास तेवढेच, वाळूही तितकीच बारीक, आणि मोजमापात ती चक्क पुढे चाललेली. बोगद्यात पाणी फक्त आडवं हलतं. खऱ्या लाटेखाली ते किंचित वरखालीही होतं, आणि त्यामुळे तळालगत लाटेच्या दिशेनं एक मंद, सततचा प्रवाह तयार होतो. लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९५३ मध्येच तो गणितानं दाखवला होता. माझ्या समीकरणात ते पदच नव्हतं. त्याची उणीव मी गुणांकात लपवली होती आणि त्याला कॅलिब्रेशन, मोजमापांशी जुळवणी, म्हणत होतो.

तेव्हा तुझी वाळू खोल समुद्राकडे जाते ही चूकच आहे, असं लगेच धरू नकोस. आधी बघ, तू बोगदा सोडवते आहेस की लाट.

कोकणात कोणालाही विचार, पावसाळ्यात पुळण खचते आणि थंडीपर्यंत हळूहळू भरून येते. वादळी लाटांनी वाळू ओढून नेणं आपली मॉडेल्स बऱ्यापैकी दाखवतात. ती परत येणं दाखवताना भल्याभल्यांची दमछाक होते, कारण ते काम असल्याच बारीक शिलकांवर महिनोन्महिने चालतं. तुझ्या प्रबंधाला विषय शोधत होतीस ना?

पुढच्या वेळी रंगीत नकाशे नकोत. तळापासून ५ मिमी उंचीवर एका लाटेत वेग आणि वाळूचं प्रमाण वेळेनुसार कसं बदलतं, ते एकाच आलेखावर काढ, एकदा ०.१ मिमीसाठी, एकदा ०.२ साठी. दोन शिखरांमध्ये किती सेकंदांचं अंतर पडतं ते पट्टी लावून मोज आणि मला कळव. दिवाळीचा फराळ करून मग बसलीस तरी चालेल.

तुझा,
सर