मुलगा हाताने पॅकेट बनवतोय, हे हॅकिंग आहे का?

नमस्कार ताई, लातूरहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा सेकंड इयर कॉम्प्युटरला, मित्र सगळे वेबसाइट बनवायला शिकतायत आणि हा रात्री दोन वाजेपर्यंत काळ्या स्क्रीनवर "रॉ पॅकेट" (नेटवर्कवरून जाणारी माहितीची पुडकी, हाताने बनवलेली) पाठवत बसतो, पासवर्ड टाकून सुडो करतो (म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार घेऊन कमांड चालवतो), म्हणून तुम्हाला भीती वाटते की पोलिस तर येणार नाहीत ना, आणि यात नोकरी तरी आहे का.

आधी तो करतो काय ते सांगतो. आपण एसटी स्टँडवर पार्सल देतो तेव्हा पावती, नाव-पत्ता सगळं तिथला माणूस लिहितो, तसं साधा प्रोग्राम फक्त मजकूर देतो आणि वरचे पत्ते ऑपरेटिंग सिस्टिम लिहिते. तुमचा मुलगा चिठ्ठीसुद्धा स्वतः भरतोय, अगदी पाठवणाऱ्याच्या नावासकट, म्हणजे तिथे दुसऱ्याचं नाव टाकलं तरी कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच लिनक्स (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) ही परवानगी सगळ्यांना देत नाही, सुडो लागतं ते त्यासाठी. (खरं तर कॅप-नेट-रॉ, म्हणजे असे पॅकेट पाठवायची, एवढी एकच परवानगी दिली तरी भागतं, प्रत्येक वेळी पूर्ण रूट, म्हणजे मशीनचा मालक, व्हायची गरज नसते, हे त्याला सांगा.)

तो एआरपी पाठवतो असं तुम्ही लिहिलंय. नेटवर्कवर हा पत्ता कोणत्या मशीनचा हे विचारायचा तो 1982 चा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची ठरलेली पद्धत, आहे, 14 बाइटचं इथरनेट (वायरवरच्या नेटवर्कचं) हेडर, म्हणजे वरची चिठ्ठी, आणि 28 बाइटचं एआरपी, झाले 42, पण इथरनेटला कमीत कमी 60 लागतात म्हणून मागे शून्यं भरतात. एवढं हाताने जुळवलं असेल तर पोरगं वाया गेलेलं नाही ताई. पण या एआरपीत कोण खरं बोलतंय हे तपासायची सोयच नाही, खोटं उत्तर पाठवलं की दुसऱ्याचा ट्रॅफिक आपल्याकडे वळतो. हेच हॉस्टेलच्या वायफायवर अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीसाठी केलं तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणून गंमत म्हणूनही तिथे करायचं नाही. त्याला म्हणावं, स्वतःच्याच लॅपटॉपमध्ये नेटवर्क नेमस्पेस बनव, दोन खोटे कॉम्प्युटर आणि मधे एक खोटी वायर, तिथे काय धिंगाणा घालायचा तो घाल.

आता नोकरी. वेब डेव्हलपमेंटइतक्या जागा नाहीत, खोटं कशाला सांगू. पण राउटर, फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्या, टेलिकॉम, बेंगळुरूमध्ये सिस्को, सरकारी म्हणाल तर सी-डॉट ही टेलिकॉम संशोधन संस्था, मुंबईत मायक्रोसेकंदांसाठी भांडणाऱ्या ट्रेडिंग फर्म, यांना असं डोकं लागतं. तिथे मात्र नुसतं पॅकेट पाठवता येतं म्हणून कोणी घेत नाही, सी भाषा पक्की हवी, पुढे एक्सडीपी, डीपीडीके ही वेगाने पॅकेट हाताळायची साधनं शिकावी लागतील, आणि डिग्री सोडायची नाही.

तो खरंच शिकतोय की नेटवरून कॉपी मारतोय हे तुम्हाला कसं कळणार? एक प्रश्न विचारा (टीसीपी म्हणजे दोन मशीनमध्ये कनेक्शन जोडायची पद्धत, सिन म्हणजे त्यातली पहिली विनंती): "तू हाताने टीसीपीचं सिन पाठवलंस, समोरून उत्तरही आलं, तरी कनेक्शन लगेच तुटतं, ते का?" उत्तर असं की तुटतं ते त्याच्याच मशीनमुळे, कारण कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हे कनेक्शन माहीतच नसतं, मी तर काही मागितलंच नव्हतं म्हणून ते समोरच्याला रीसेट, म्हणजे कनेक्शन तोडायचा निरोप, पाठवून मोकळं होतं. मी स्वतः पहिल्यांदा यात दोन दिवस घालवले, समोरच्या सर्व्हरला शिव्या देत. मुलाने वायरशार्कमध्ये (पॅकेट पाहायच्या प्रोग्राममध्ये) ते रीसेट तुम्हाला बोटाने दाखवलं तर निर्धास्त व्हा, नाही दाखवलं तर अजून सहा महिने द्या, फुल स्टॅकच्या (पूर्ण वेबसाइट बनवायच्या) महागड्या क्लासची फी आत्ताच भरू नका.

आणि हॉस्टेलच्या वायफायवर आधी काही करून बसलाय का ते आज फोनवरच विचारा, पण ओरडू नका, ओरडलात तर खरं सांगणार नाही.