आधी व्याख्या ठरवा, डॅशबोर्ड नंतर

तुमची अडचण थोडक्यात अशी: सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात चौघांच्या डेटा टीमची जबाबदारी नव्याने आलीय, प्रॉडक्शन आणि सेल्स दोघंही तुमचे आकडे मानत नाहीत, आणि टीममधला प्रत्येक जण आपल्या रिपोर्टपुरता बघतो.

एकाच आकड्याचा छडा लावा: काल किती माल झाला? प्रॉडक्शन किलोत बोलतं, सेल्स नगात. ७० बाय १४० सेंमीचा, ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल हिशोबाने ४४१ ग्रॅम. तो काट्यावर ४२० भरला तर १,००० किलोत २,२६८ ऐवजी २,३८१ नग निघतात. ११३ नगांचा फरक पडला, आणि लबाडी कुणाचीच नाही. शिवाय मागावरून उतरलेल्या मालाच्या वजनात सुताला लावलेली कांजी असते, ती प्रोसेसिंगमध्ये धुऊन जाते. सेकंड माल, म्हणजे किरकोळ दोष असलेला, एक जण धरतो, दुसरा वगळतो. रात्रपाळी मध्येच तारीख ओलांडते.

दोघांना समोर बसवून हे सगळं एका पानावर लिहा आणि खाली सह्या घ्या. रात्रपाळीला ती सुरू झाली तीच तारीख द्या. पाळी दोन तारखांत फोडली की जॉबरच्या (मागांवर देखरेख करणाऱ्याच्या) वहीशी आकडा जुळत नाही.

टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा पाळी बदलताना मागांपाशी पाठवा. सोबत तेलुगू येणारं कुणी असू द्या. आपल्याकडे विणकामातले बरेच जण घरी तेलुगू बोलतात, आणि वहीत खाडाखोड का झाली ते माणूस आपल्या भाषेतच मोकळेपणी सांगतो. माग बंद पडल्याच्या नोंदीवरून कुणाची मजुरी कापली जाणार नाही, असा शब्द मालकांकडून आधी घ्या. तो मोडला की कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘लाईट गेली’ एवढंच येतं.

‘महिन्याला दहा रिपोर्ट’ हे ध्येय नको. ते चौघांत वाटलं जातं आणि पुन्हा ज्याचं त्याच्यापाशी. ‘शनिवारी सकाळी दहापर्यंत ऑर्डरनिहाय शिल्लक नग, गोदामातल्या मोजणीशी २ टक्क्यांच्या आत’ असं ठेवा. नोंद घेणारा अडला की आकड्यांची जोडणी करणाराही अडतो, मग एकमेकांना विचारावंच लागतं. दर शनिवारी तीन डिझाइनचे नग स्वतः मोजा आणि फरक भिंतीवर लावा, वाईट असला तरी.

चूक सापडली तर सेल्सचा फोन येण्याआधी तुम्हीच कळवा: काय चुकलं, कुठल्या तारखांचे आकडे बिघडले, दुरुस्ती कधीपर्यंत. कुणाच्या हातून झाली ते मात्र टीमबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर पुढची चूक तुमच्यापासूनही लपवली जाईल.

आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्याचं उत्पादन डिसेंबरशी ताडू नका. मागच्या वर्षीच्या गड्ड्याच्या आठवड्याशीच ताडा.