मेमोवर सही करू का?

मेमो म्हणजे शाळेच्या कार्यालयानं लेखी खुलासा मागणारं पत्र. त्यावरून खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांकडून मला वारंवार येणारा प्रश्न: "मेमो आलाय. सही केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना?" आणि लगेच त्याच्या मागून, आवाज खाली आणून: "आता नोकरी जाणार का?"

मागे आलेल्या एका मॅडमची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माध्यमिक शाळेत सहशिक्षिका, नोकरी कायम, सेवा बरीच झालेली. आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. रात्री दोन-अडीचला जाग येते, छातीत धडधडतं, मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडायचं. डॉक्टरांनी तपासण्या करून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मेमोचा विषय निघाला तो उठायच्या वेळेला.

आठवीच्या वर्गावर फळ्यावर गणित सोडवत असताना शिपाई दारात येऊन उभा राहिला. हातात नोंदवही, वहीत घडी घातलेला कागद. "मॅडम, सही पाहिजे." पहिल्या बाकावरची मुलगी मान लांब करून कागद वाचायला लागली. मॅडमनी "नंतर बघते" म्हणून त्याला परत पाठवलं. दुपारी पुन्हा आला, पुन्हा परत पाठवलं. स्टाफरूममध्ये त्या शिरल्या की चाललेलं बोलणं थांबायला लागलं. शेवटी तोच कागद "स्वीकारण्यास नकार दिला" असा शेरा आणि दोन सहकाऱ्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेऊन रजिस्टर पोस्टानं घरी आला. तो मिस्टरांनी उघडला. त्यांचा सल्ला होता, "ते काढतील त्याआधी तूच राजीनामा दे. निदान इज्जतीनं बाहेर पडशील."

मी म्हटलं, "मेमो मोठ्यानं वाचा."

तीन ओळी होत्या. चाचणी परीक्षेचं निकालपत्रक विहित मुदतीत कार्यालयात सादर केलेलं नाही. याबाबत लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. 'पुढील कार्यवाही'पाशी त्यांचा आवाज कापला. ती ओळ जवळजवळ प्रत्येक मेमोत असते. क्लार्कच्या संगणकात मजकूर तयारच असतो, नाव, तारीख आणि विषय तेवढा बदलतो.

"यात तुम्ही दोषी आहात असं कुठे लिहिलंय?" त्यांनी पुन्हा वाचलं. कुठेच नव्हतं. कारण विचारलं होतं, एवढंच.

सहीचंही तेच. नोंदवहीतली सही कागद हातात पडल्याची पोच असते, त्यातल्या मजकुराला दिलेली मान्यता नव्हे. मनात शंका असेल तर सहीशेजारी 'प्रत मिळाली' असं लिहून तारीख आणि वेळ टाकावी. नाकारल्यानं मेमो काही रद्द होत नाही. उलट, निकालपत्रक उशिरा दिलं या एका गोष्टीला 'कार्यालयीन पत्र नाकारलं' ही दुसरी येऊन चिकटते, आणि तिला साक्षीदारही असतात.

मॅडमनी खुलासा लिहून आणला होता. फुलस्केपची सहा पानं. माझ्यापेक्षा कनिष्ठ शिक्षकाला सोपे वर्ग दिले. सलग तासिका मलाच का. स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर मला काय बोलले. त्यातलं बरंचसं खरं असणार. मी त्यांना पेन्सिल दिली आणि निकालपत्रक उशिरा का झालं याचं उत्तर जिथे आहे तेवढ्याच ओळींखाली रेघ मारायला सांगितलं. सहा पानांत अडीच ओळी निघाल्या.

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मग बाकीचं कुठे सांगू?"

पुढच्या दोन भेटी त्या बाकीच्यावरच गेल्या. मुख्याध्यापक आणि त्या कित्येक वर्षं एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसलेले. पेपर तपासताना एकमेकांचे गठ्ठे वाटून घेतलेले. "तोंडानं एकदा म्हणाले असते ना, तर रात्रभर जागून पूर्ण करून दिलं असतं." कागद आला, आणि तोही मुलांसमोर, हे खरं दुखणं होतं. ते खुलाशात लिहिलं असतं तर फायलीत जाऊन पडलं असतं आणि कोणीतरी त्यालाच 'उद्धट भाषा' म्हटलं असतं. बोलता बोलता हेही वेगळं झालं की तासिकांची तक्रार रास्त आहे, पण तिचा अर्ज स्वतंत्र हवा, सोबत वेळापत्रकाची प्रत लावून.

मुख्याध्यापकांशीही माझं बोलणं होत असतं. (या शाळेच्या नाही, एकूणच.) त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं: संस्थाचालक विचारतात, तुमच्याकडे लेखी काय आहे? म्हणून जिथे दोन शब्दांत भागलं असतं तिथेही मेमो निघतो. अडचण कळते, पद्धत पटत नाही. आधी केबिनमध्ये बोलावून विचारावं, मग लागलंच तर लिहावं, आणि कागद बंद पाकिटात, वर्गाबाहेर द्यावा. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

आता नोकरीचा प्रश्न. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. शिक्षक मंडळी तिला 'एमईपीएस' म्हणतात. कायम शिक्षकाला काढायचं तर गैरवर्तन, नैतिक अधःपतन, हेतुपुरस्सर आणि सतत केलेली कर्तव्यातली कसूर किंवा अकार्यक्षमता यांसारखं कारण लागतं, आणि ते चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. नियम ३६ मधल्या चौकशी समितीत शिक्षकाच्या बाबतीत तिघं असतात: एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक खुद्द त्या शिक्षकानं कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला. हे ऐकून मॅडम पहिल्यांदा सावरून बसल्या. "माझा माणूस? समितीत?"

हो. पण त्या कलमातला 'सतत' हा शब्द विसरू नका, हेही मी सांगितलं. एका निकालपत्रकानं काही सतत होत नाही. उत्तर न दिलेले पाच मेमो फायलीत साठले की मात्र तसं म्हणायला जागा मिळते. काही संस्था अशी फाईल मुद्दाम जाड करत नेतात, हेही मी पाहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक मेमोला मुदतीत, मुद्द्याला धरून उत्तर द्यायचं. दोन प्रती काढायच्या, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवायची. कधी आरोपांचं विवरणपत्रच हातात पडलं, तर कागदासाठी संघटना किंवा वकील गाठायचा. झोपेसाठी माझ्याकडे यायचं.

राजीनाम्याबद्दल मिस्टरांनाच बोलावून घेतलं. सेवेतून काढलं तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. स्वतःहून राजीनामा दिला की तो दरवाजा जवळपास बंद. तो बळजबरीनं घेतला हे आपल्यालाच सिद्ध करत बसावं लागतं. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. मिस्टर म्हणाले, "मला वाटलं तिला त्रासातून सोडवतोय." खोटं नव्हतं ते.

(जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी शाळांचे शिस्त व अपील नियम वेगळे आहेत. आपली शाळा कशात बसते ते आधी पाहावं.)

अंतिम खुलासा चार वाक्यांचा झाला. मतदार यादीच्या कामासाठी अमुक ते अमुक तारखांना तहसील कार्यालयात हजर होते, आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे निकालपत्रकास विलंब झाला. निकालपत्रक अमुक तारखेस जमा केले आहे. 'दिलगीर आहे' लिहायला त्या तयार नव्हत्या. मीही आग्रह धरला नाही. 'विलंब झाला हे मान्य आहे' हे चौथं वाक्य त्यांचं स्वतःचं. दोन दिवसांची मुदत उलटून गेली होती, म्हणून पत्र टपालानं कधी मिळालं ती तारीख सुरुवातीलाच टाकली.

मुख्याध्यापकांनी त्यावर 'खुलासा मान्य, यापुढे दक्षता घ्यावी' असा शेरा मारून कागद दप्तरी लावला. झोप लगेच आली नाही, त्याला आणखी काही आठवडे लागले.

शेवटच्या भेटीत त्यांचा प्रश्न होता, हे सीआरमध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात, येईल का? येऊ शकतं. पण प्रतिकूल शेरा लेखी कळवणं बंधनकारक आहे आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडता येतं. गोपनीय अहवाल लिहिलाच नाही किंवा असा शेरा ठरलेल्या मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षाचं काम समाधानकारक धरलं जातं, असं त्याच नियमावलीतला नियम १५ सांगतो. तो नियम त्यांनी उतरवून घेतला. पुढच्या वेळी तहसीलचा आदेश आला की त्याच दिवशी त्याची प्रत मुख्याध्यापकांना देऊन निकालपत्रकासाठी मुदत लेखी मागायची, हे त्यांनीच सुचवलं.