रविवार हातातून निसटतो, तेव्हा

प्रश्न : मी परिचारिका, यजमान रोलिंग मिलमध्ये. दोघांच्याही पाळ्या फिरत्या. त्यात नळ कधी कधी नेमका रविवारी सकाळी येतो. महिन्यातून एखाद्या वेळीच चर्चला जाणं होतं. काय करावं?
– एक भगिनी, जालना

उत्तर : ताई, रविवारची सकाळ बहुतेक वेळा शनिवारी रात्रीच हातची जाते. म्हणून शनिवारी जेवणाआधीच इस्त्री उरका, बायबल, उपासनासंगीत (गीतांचं पुस्तक) आणि अर्पणाचं पाकीट एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. खिचडीचे डाळ-तांदूळही मोजून ठेवा, म्हणजे आल्यावर फक्त कुकर लावायचा.

नळ आला तर दोघांनी अडकून पडू नका. एकानं पाणी भरावं, दुसऱ्यानं मुलांना घेऊन निघावं, पुढच्या वेळी अदलाबदल. ‘पाणी भरून झालं की सगळेच जाऊ’ म्हटलं की संदेश सुरू झाल्यावर पोचणं होतं, मग उशिरा आत जायचा संकोच वाटतो आणि पुढचा रविवारही बुडतो. उशीर झाला तरी जा, मागच्या बाकावर बसा.

ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी इन्चार्ज सिस्टरांशी बोला. सगळेच रविवार मागितले तर एकही मिळणार नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा, रविवार तेवढा मागा (बऱ्याच मंडळ्यांत तो महिन्याचा पहिला असतो) आणि बदल्यात दिवाळीची ड्यूटी आपणहून घ्या. रात्रपाळी करून झोपाळू डोळ्यांनी गाडीवर चर्चला मात्र मुळीच जाऊ नका. त्या आठवड्यात पाळकसाहेबांना सांगून मधल्या वारी संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवा, मंडळीतली दोन-तीन घरं आली तरी पुष्कळ. घरच्या वाचनाला नवा करार घ्या : 260 अध्याय आहेत, आठवड्याला पाच वाचले तर वर्षात पुरा होतो. दोन दिवस हुकायला मोकळे राहतात, पाळीवाल्या घराला ते लागतातच.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. मुलाच्या नीटच्या क्लासची चाचणी दर रविवारी सकाळी असते, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते.
– एक पालक, लातूर

उत्तर : शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या मिस्सेऐवजी चालते, चर्चचा तसा नियमच आहे. तुमच्याकडे ती होते का, किंवा रविवारी संध्याकाळी असते का, ते फादरना विचारा. क्लासहून थेट जाणार असेल तर चहा-बिस्किट आधीच उरकायला सांगा, कारण मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास उपास लागतो. पाणी आणि औषध चालतं.